सरड्याची बिछायत

घरातल्या पालीला फरशीचं काही पडलेलं नसतं. तिच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांच्या पट्ट्या असतात. त्यांच्या जोरावर ती भिंतीला चिकटते आणि ट्यूबलाइटच्या मागे, छताच्या कोपऱ्यात, कॅलेंडरच्या पाठीशी आयुष्य काढते. लेपर्ड गेको हीसुद्धा पालच, पण तिच्या बोटांना या पट्ट्या नाहीत. तिला नखं आहेत, मिटता येणाऱ्या पापण्या आहेत आणि चालायला जमीन लागते. काचेवर ती चढू शकत नाही. रात्रभर जिच्यावर फिरायचं, दिवसा जिच्यात अंग खुपसून झोपायचं आणि पावलोपावली जिला जीभ लावून पाहायचं, ती जमीन म्हणजे माणसाने पेटीच्या तळाला जे काही अंथरलं असेल ते.

दिवा कोणता, खाद्य कोणतं, हे प्रत्येक जण विचारतो. खाली काय टाकायचं हे मात्र बहुतेक वेळा दुकानदार ठरवतो आणि हाताशी असेल ते देतो: पिवळ्या वाळूची पिशवी, नाहीतर माशांच्या टाकीतले रंगीत खडे. लेपर्ड गेको, बिअर्डेड ड्रॅगन, हिरवा इग्वाना ही नावं मोबाइलमुळे आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीत. अकोल्या-अमरावतीच्या घरात असा प्राणी आला, तर पुण्या-मुंबईचे सल्ले जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. इथली माती वेगळी, पाणी वेगळं आणि उन्हाळा तर अगदीच वेगळा.

मातीकडे वळण्याआधी कायदा पाहावा लागतो. आपल्याकडचा सरडा वावरातून किंवा जंगलातून उचलून पेटीत ठेवण्याचा विचारच नको. घोरपड ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणं, बाळगणं किंवा विकणं यासाठी तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. परदेशी प्राण्यांबाबतही मोकळं रान राहिलेलं नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंदणी कशी करायची, याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. हिरवा इग्वाना सायटिसच्या यादीत आहे. प्रत्येक जातीची स्थिती वेगळी असल्याने पैसे देण्याआधी वनविभागात विचारावं आणि विकणाऱ्याकडून कागद घ्यावा. कागद द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर प्राणीही घेऊ नये.

लेपर्ड गेको वाळवंटात राहते आणि म्हणून तिला वाळू लागते, ही समजूत दुकानांनी पसरवली. पाळीव म्हणून जगभर गेलेल्या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लायथ यांनी १८५४ साली केलं, तेही पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून. तो भाग आज पाकिस्तानात आहे. तो खडकाळ आहे. तिची एक बहीण तर वऱ्हाडच्या शेजारीच राहते. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली सातपुड्यातून लेपर्ड गेकोची एक नवी जात नोंदवली आणि तिला सातपुड्याचंच नाव दिलं. मेळघाटच्या गाविलगड टेकड्या याच सातपुड्याच्या. दगडांच्या सांदी, पानगळीचा पाचोळा आणि खाली घट्ट, खडीमिश्रित माती, अशी या पालींची जमीन असते. पाय रुतेल अशी मोकळी, कोरडी वाळू त्यात कुठेच नाही. बिअर्डेड ड्रॅगनचंही तेच. मध्य ऑस्ट्रेलियात तो कडक तांबड्या मातीवर, वाळलेल्या झुडपांवर आणि कुंपणाच्या खांबांवर बसलेला दिसतो. हिरव्या इग्वानाचा जन्म झाडावर जातो. त्याला खाली काय आहे यापेक्षा वर चढायला काय आहे याची चिंता जास्त.

वाळूवरचा मुख्य आरोप आतडं बंद होण्याचा आहे. हा आजार खरा आहे. सरडा किड्यावर झडप घालतो तेव्हा किड्याबरोबर तळाचे कणही तोंडात जातात. कॅल्शियमची कमतरता असलेला प्राणी तर मुद्दाम माती खातो. कण आतड्यात साचत जातात, शौच थांबतं, भूक मरते, पोट फुगतं आणि मागचे पाय ओढत चालण्यापर्यंत वेळ येते. एक्स-रेवर वाळूचा गोळा पांढरा दिसतो.

पण रानातले सरडेही माती गिळतात आणि बाहेर टाकतात. मग पेटीतल्या सरड्याच्याच पोटात ती का अडकते? सरड्याच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. बिअर्डेड ड्रॅगनला ऊन खाण्याच्या जागी ३८ ते ४२ अंश सेल्सिअस तापमान लागतं. लेपर्ड गेकोला पोटाखाली ३२ ते ३४ अंशांची ऊब पुरते. ती मिळाली नाही तर आतड्याची हालचाल मंदावते. पाणी कमी पडलं की विष्ठा कोरडी होते. कॅल्शियम कमी पडलं की आतड्याचे स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत. जंत असले की आणखी भर. थोडक्यात, थंड पेटीतला तहानलेला सरडा दोन चिमट्या वाळूनेही मरू शकतो आणि निरोगी सरडा तेवढीच वाळू दुसऱ्या दिवशी बाहेर टाकतो. वाळूची बदनामी अर्धी तरी बंद दिव्याची आहे.

म्हणून काहीही अंथरा असा अर्थ नाही. कणाचा आकार हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. रव्याएवढा बारीक कण आतड्यातून सरकतो. मुठीएवढा गोटा गिळताच येत नाही. घात होतो तो मधल्या मापाने, म्हणजे मटकी ते हरभरा या आकाराच्या खड्यांनी. ते गिळता येतात, पण बाहेर पडत नाहीत. फिशटँकमधले रंगीत खडे नेमके याच मापाचे असतात, वर चकाकतातही. सरड्याच्या पेटीत ते कधीच जाऊ नयेत.

‘कॅल्शियम सँड’ नावाने विकली जाणारी रंगीत वाळू ही तर उघड फसवणूक म्हणावी लागेल. ती कॅल्शियम कार्बोनेट असते आणि पिशवीवर ‘पचणारी’ असं लिहिलेलं असतं. प्राण्याला कॅल्शियमची चव लागते, तो ती चाटत सुटतो, पोटातलं आम्ल त्यात खर्ची पडतं आणि उरलेल्याचा लगदा होऊन घट्ट बसतो. पूर्णेच्या खोऱ्यात मातीतून जागोजागी निघणारी चुनखडीही कॅल्शियम कार्बोनेटच आहे. तिला पौष्टिक खाद्य म्हणण्याचं धाडस कोणी केलेलं नाही. कॅल्शियम द्यायचं तर पूड किड्यांवर भुरभुरून द्यावी आणि थोडी वेगळ्या झाकणात ठेवावी.

वऱ्हाडात माती विकत आणायची कल्पनाच लोकांना विचित्र वाटते. वावर आहे, वावरात माती आहे. मग चार घमेली आणली की झालं, असं कोणालाही वाटेल. इथेच थांबून विचार करायला हवा, कारण अमरावती-अकोल्याची काळी माती ही साधी माती नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन जो बेसाल्ट तयार झाला, त्याच्या झिजेतून ती आली. तिच्यात निम्मा किंवा त्याहून जास्त भाग चिकणमातीचा असतो, आणि त्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइटच्या कुळातली खनिजं भरपूर. या खनिजांचे थर पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. कपाशीला महिनाभर पावसाविना तग धरता येतो तो याच गुणामुळे. एप्रिलमध्ये जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात त्याही यामुळेच, आणि काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या भिंती तडकतात त्याही.

मांजरांसाठी मिळणारं गोळे होणारं ‘कॅट लिटर’ बेंटोनाइटचं असतं. बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः माँटमोरिलोनाइट. मांजराचं मूत्र पडताच त्याचा घट्ट गोळा होतो. म्हणूनच ते सरड्याच्या पेटीत घालू नये असं सांगतात. आणि निव्वळ काळी मातीही त्याच कारणाने घालू नये. ओलसर असताना ती बोटांना चिकटून त्यांच्याभोवती लगदा होते. वाळली की तो कडक होऊन बसतो. पाण्याच्या वाटीतून आलेला सरडा पेटीभर फिरला की पायांत चिखलाचे गोळे घेऊन बसतो. आणि पूर्ण वाळलेली माती इतकी कडक होते की त्याच्या नखांना ती उकरताच येत नाही.

तरीही तिचा एक गुण दुसऱ्या कशात नाही: तिच्यात केलेलं बीळ ढासळत नाही. परदेशात अशीच चिकणमाती पिशव्या भरून सरडेवाल्यांना विकली जाते. ओली असताना तिच्यात बोगदे करायचे, मग ती सुकू द्यायची. वऱ्हाडातल्या माणसाने त्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. मात्र प्रमाण उलटं करावं लागतं. इंग्रजी पुस्तकांत ‘सत्तर भाग माती, तीस भाग वाळू’ असा सल्ला असतो, तो हलक्या मातीसाठी. काळ्या मातीत वाळूच जास्त हवी: एक भाग काळी माती, दोन भाग धुतलेली बारीक रेती आणि एक भाग चाळलेला बारीक मुरूम किंवा कोकोपीट, यापासून सुरुवात करता येते. हे मिश्रण ओलं करून स्टीलच्या थाळीत दोन बोटं जाड थापावं आणि दोन दिवस उन्हात ठेवावं. भेगा पडल्या तर रेती वाढवावी. भुगा झाला तर माती. मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे आणि बोट लावताच तो फुटला पाहिजे.

माती कुठली घ्यायची, हा प्रमाणाहून अवघड प्रश्न आहे. कपाशीच्या वावरातली माती नको. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा या पिकावर काय काय मारलं जातं हे साऱ्या देशाला कळलं. माणसाच्या वजनाला जे विष मारतं, त्याचा अंश पन्नास-साठ ग्रॅमच्या पालीला किती भारी पडेल, याचा प्रयोग करण्यात अर्थ नाही. हेच वावरातल्या नाकतोड्यांनाही लागू आहे. ते पकडून खाऊ घालू नयेत. रोपवाटिकेतली तयार कुंडीची मातीही टाळावी. तिच्यात शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड आणि पांढरे पर्लाइटचे दाणे असतात. वर्षानुवर्षं नांगर-फवारणी न झालेला धुरा, स्वतःच्या मालकीची पडीक जमीन किंवा घराच्या पायातून निघालेली माती, तीही वरचा फूटभर थर बाजूला सारून, ही त्यातल्या त्यात बरी. राखीव जंगलातून माती-दगड उचलणं हा गुन्हा आहे, हे मेळघाटात सहलीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

खारपाणपट्ट्यातली माती आणि पाणी मात्र पूर्ण वगळावं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या ८९४ गावांवर हा पट्टा पसरलेला आहे. सोडियमच्या क्षारांमुळे इथली माती विम्लधर्मी असते. ओली झाली की तिचा चिखल होतो आणि पाणी मुरत नाही. बोअरचं पाणी इतकं खारट की पिकालाही सोसत नाही. पेटीत फवारलेल्या पाण्याचे थेंब काचेवरून, दगडावरून चाटून बरेच सरडे तहान भागवतात. फवारा खाऱ्या पाण्याचा असेल तर तहान भागण्याऐवजी वाढते, आणि तळाच्या मातीवर दर आठवड्याला पांढरा थर चढत जातो. दर्यापूर-अकोट भागात ज्या घरी पिण्यासाठी फिल्टरचं पाणी येतं, त्या घरी सरड्यालाही तेच द्यावं.

माती निर्जंतुक करण्याच्या बाबतीत वऱ्हाडाइतकी सोय क्वचितच कुठे असेल. परदेशी छंदिष्ट ओव्हनमध्ये माती भाजतात आणि घरभर येणाऱ्या वासाची तक्रार करतात. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ओलसर केलेली माती पत्र्यावर पसरून, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून गच्चीवर चार ते सहा आठवडे ठेवली की आतलं तापमान पन्नाशी ओलांडतं आणि बुरशी, गोचीड, किड्यांची अंडी यांपैकी बहुतेकांचा निकाल लागतो. रोपवाटिकेचे वाफे शेतकरी याच पद्धतीने तापवतात. घाई असेल तर कढईत ओलसर माती मंद आचेवर भाजता येते. ती कढई मग स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

रेतीबाबत थोडक्यात. बांधकामावर आता सर्रास येणारी क्रश सँड म्हणजे यंत्राने फोडलेला काळा दगड. तिचे कण कोनदार आणि धूळ भरपूर. नदीची रेती वाहून वाहून गोलसर झालेली असते, ती बरी. पण अकोल्याच्या मधून वाहणारी मोर्णा शहराचं सांडपाणी वाहते, तिच्या काठची रेती नको. कुठलीही रेती आधी रव्याच्या चाळणीतून गाळावी, मग पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. पहिल्या दोन-तीन पाण्यांत किती गाळ निघतो हे पाहिलं की न धुता वापरायची इच्छा उरत नाही.

फुकट किंवा स्वस्तात मिळणाऱ्या बाकीच्या वस्तूंपैकी बहुतेक बाद होतात. परतवाड्याकडे सागाचा भुसा हवा तेवढा मिळतो, पण सागाच्या लाकडात असलेली द्रव्यं सुतारांच्या कातडीवरही पुरळ उठवतात. भुशात लोळणाऱ्या प्राण्याचं काय होईल? देवदार आणि चीडचा भुसा त्यांच्या उग्र तेलांमुळे जगभरच नाकारला जातो. कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरतात ते धानाचं तूस सिलिकामुळे खरखरीत आणि टोकदार असतं. सोयाबीनच्या कुटारात धूळ आणि बुरशी. ज्वारीच्या किंवा मक्याच्या कणसाचे तुकडे नेमके त्या घातकी मधल्या मापाचे, वर ओलावा मिळाला की फुगणारे. हिरवं प्लास्टिकचं गवत आणि ‘रेप्टाइल कार्पेट’ दिसायला नीटनेटकं असतं. त्याच्या धाग्यांत नखं अडकून बोटं उपटतात आणि धाग्यांच्या मुळाशी घाण साचत राहते.

कोकोपीटची गोष्ट जरा वेगळी. ओलावा लागणाऱ्या इग्वानासारख्या प्राण्यांना ते चांगलं. पण नारळाचा काथ्या पुष्कळदा खाऱ्या पाण्यात भिजवलेला असतो, त्यामुळे विटेसारखा दाबलेला गठ्ठा फोडल्यावर गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळून घ्यावा लागतो. शिवाय अकोल्याच्या एप्रिलमध्ये निव्वळ कोकोपीट दोन दिवसांत वाळून धूळ उडवू लागतं आणि श्रावणात त्याच पेटीत पांढरी बुरशी धरतं. मिश्रणातला एक भाग म्हणून ठीक. एकट्याने नको.

नवशिक्याला खरा आधार वर्तमानपत्राचा. अकोल्याचा ‘देशोन्नती’ असो की अमरावतीचा ‘हिंदुस्थान’, सरड्याला अग्रलेखाशी देणंघेणं नसतं. मालकाला मात्र रोज सकाळी त्या कागदावर महत्त्वाची बातमी मिळते. विष्ठा घट्ट आहे की पातळ, तिच्यासोबतचा युरिक आम्लाचा भाग पांढरा आहे की पिवळा पडलाय, कालच्या किड्यांपैकी किती पचले, जंत दिसतात का. पिवळा आणि कडक झालेला भाग पाणी कमी पडत असल्याचं सांगतो. नवा आणलेला, आजारी किंवा लहान सरडा कागदावरच ठेवावा. बिअर्डेड ड्रॅगनची पिल्लं दिवसातून दोन-तीनदा खातात आणि खाताना काहीही पाहत नाहीत. पहिले सहा महिने त्यांना मातीवर आणू नये. कागदाचा दोष इतकाच की तो उकरता येत नाही आणि त्यावर पाय घसरतात.

कागदानंतरची पायरी शहाबादी फरशीची. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत, ओट्यांवर, न्हाणीत ती अजून दिसते. घरदुरुस्तीत निघालेला तुकडा खरखरीत बाजू वर करून बसवला की नखं आपोआप घासली जातात, दिव्याची ऊब दगडात टिकते आणि पुसायला एक फडकं पुरतं. गुळगुळीत, चकचकीत टाइलवर मात्र सरड्याचे पाय फाकतात. फरशी एका बाजूला आणि मातीचा खोल कप्पा दुसऱ्या बाजूला, ही मांडणी इथल्या घरांना सगळ्यात सोयीची दिसते.

मातीचा थर लेपर्ड गेकोसाठी आठ-दहा सेंटिमीटर तरी हवा. आणि एक चूक जिवावर बेतते: मोठे दगड मातीवर ठेवणं. सरडा खालून उकरतो आणि दगड त्याच्याच अंगावर बसतो. दगड आधी पेटीच्या तळाला टेकवून घट्ट बसवावेत, माती नंतर भरावी. तळाखाली ऊब देणारी गादी लावली असेल तर वर जाड थर घालू नये. उष्णता आतच कोंडते आणि उकरत खाली गेलेलं पोट भाजतं. जाड थर असलेल्या पेटीला ऊब वरून, दिव्याने द्यावी आणि तिला थर्मोस्टॅट जोडावा. थर्मोस्टॅट परवडत नसेल तर सरडाही परवडत नाही.

वऱ्हाडाचं हवामान या सगळ्याला वर्षातून तीनदा उलटंपालटं करतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो, तेव्हा मातीचा थर गार पडतो आणि पचन थांबतं. मे महिन्यात दुपारी दिवा बंदच ठेवावा लागतो. खोलीच चाळिशीला टेकलेली असते आणि खोल मातीतला खालचा गारवा हाच प्राण्याचा आधार असतो. त्यात घरात डेझर्ट कूलर सुरू झाला की हवा एकदम दमट होते. कूलरच्या झोतासमोर ठेवलेल्या पेटीतली माती आठवडाभरात कुबट वास देऊ लागते. पावसाळ्यात तर फवाऱ्याची बाटली बाजूलाच ठेवावी.

उरलेल्या कोरड्या महिन्यांत कात टाकताना ओलाव्याची गरज पडते. जुनी कात बोटांभोवती अडकून आवळली तर रक्त थांबून बोट गळतं. लेपर्ड गेकोंमध्ये हे वारंवार दिसतं. फुटलेल्या माठाचं खापर उपडं घालून त्याखाली मूठभर ओलसर कोकोपीट ठेवलं की काम होतं. ओल किती हवी हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. पेरणीसाठी ज्याला वाफसा म्हणतात तेवढीच: चिखल नाही, धूळ नाही.

मादी असेल तर हा ओलसर कोपरा चैनीची वस्तू राहत नाही. पहिला पाऊस पडून गेला की कुंपणावरच्या सरड्याची मादी खाली उतरून मऊ जमीन उकरते, अंडी घालते आणि माती पुन्हा दाबून बसवते. हे दृश्य अमरावतीच्या कुठल्याही अंगणात दिसू शकतं. पेटीतल्या मादीचीही तीच ओढ असते, नर जवळ नसला तरी. लेपर्ड गेको एका वेळी दोन अंडी घालते, बिअर्डेड ड्रॅगन वीसच्या आसपास, इग्वाना तर कित्येक डझन. उकरायला जागा मिळाली नाही तर मादी अंडी अडवून धरते आणि त्यात दगावू शकते. नुसत्या कागदावर किंवा फरशीवर ठेवलेल्या मादीला वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल, वाफशावरच्या मातीचा डबा द्यायलाच हवा.

शौच थांबलं, पोट फुगलं तर घरगुती उपाय करू नयेत. एरंडेल किंवा तूप पाजणं विशेषतः टाळावं, कारण ते सहज श्वासनलिकेत जातं. कोमट, उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवावं, पेटीचं तापमान तपासावं आणि दोन दिवसांत फरक पडला नाही तर एक्स-रे काढावा. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. गाई-म्हशींच्या मुलखात सरड्याचा अनुभव असलेला डॉक्टर शोधावा लागतो. तो शोध प्राणी आजारी पडल्यावर सुरू करू नये.

साफसफाईचा हिशेबही आधीच करावा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, प्राणी ठणठणीत दिसत असला तरी. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, ती मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर मातीची पेटी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. विष्ठा रोज उचलावी, भोवतीच्या मूठभर मातीसकट. किडे मातीत न सोडता स्टीलच्या वाटीत किंवा चिमट्याने द्यावेत; वाटीच्या कडा उंच असल्या की अर्धी माती पोटात जायची वाचते. पूर्ण थर तीन-चार महिन्यांनी बदलावा. पेटी कधी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. आणि काढलेली जुनी माती अंगणात टाकायचीच असेल तर जास्वंदीच्या किंवा गुलाबाच्या कुंडीत टाकावी. मेथी, सांबार, पालक लावलेल्या वाफ्यात टाकू नये.